मदत हवी आहे: नऊ वर्षं पडून असलेली गिटार हाताला परकी लागतेय, रविवारपर्यंत काय करता येईल?

देवरुखची · सोमवार, रात्री ९:४०

गिटार बारावीनंतर देवरुखच्या घरी माळ्यावर ठेवली होती. नऊ वर्षं कुणी हात लावला नाही. मार्चअखेरीस पुण्याला आणली, दुकानातून नव्या तारा घालून घेतल्या आणि तेव्हापासून ती माझी गिटार वाटतच नाही. तारा दाबल्या जात नाहीत. एफ कॉर्ड सोडाच, साधा सी कॉर्ड धरला तरी दोन मिनिटांत बोटं बधिर. सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सगळे सूर चढे लागतात. आवाज आधी गोल होता, आता कानाला टोचतो.

रविवारी आईची एकसष्टी आहे. तिच्यासाठी दोन गाणी वाजवायची आहेत, घरात कुणालाच सांगितलेलं नाही. "नवी घे" असं कृपया सांगू नका, ही बाबांनी घेऊन दिलेली आहे. काय करायचं तेवढं सांगा.

सहावी_तार · रात्री ९:५२

माहिती फार कमी दिली आहे. ठेवताना तारा सैल केल्या होत्या की सुरात ताणलेल्याच ठेवल्या? पिशवीत होती की कडक पेटीत? माळा स्वयंपाकघरावरचा का? बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून किती वर आहे, पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये सांगा. नव्या तारा कोणत्या जाडीच्या आहेत? आणि फोटो टाका.

कोथरूडचा_बास · रात्री १०:०५

फोटोची गरज नाही, हा सरळ सरळ ट्रस रॉडचा मामला आहे. माझ्या गिटारचंही लॉकडाऊनमध्ये हेच झालं होतं. तारांची ओढ वर्षानुवर्षं मानेवर राहिली की मान पुढे वाकते, मधल्या फ्रेटवर तारा उचलल्या जातात आणि दाबायला जोर लागतो. मानेत लोखंडी दांडा असतो, तो आवळला की मान सरळ होते. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, एक रात्र थांबा, परत बघा. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबून ठेवा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते ते पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. दहा मिनिटांचं काम आहे.

रियाझ_पहाटेचा · रात्री १०:२१

सगळे वाद्यातच दोष का शोधतात कळत नाही. नऊ वर्षांत गिटारपेक्षा बोटं जास्त बदलली. बोटांच्या टोकांचे घट्टे वाजवणं थांबल्यावर काही आठवड्यांत मऊ पडू लागतात, नऊ वर्षांनी तर नवशिक्याचीच त्वचा. नवशिका गरजेच्या दुप्पट जोर लावतो, आणि तार फ्रेटवर जास्त दाबली की सूर चढतोच. रोज वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका करा, फ्रेटच्या अगदी मागे बोट ठेवा. मी अकरा वर्षांनी परत सुरुवात केली तेव्हा तीन आठवडे असंच वाटत होतं आणि गिटारला मी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लावला नव्हता.

कोथरूडचा_बास · रात्री १०:२६

बोटांमुळे आवाज कर्कश होतो का? त्यांनी लिहिलंय ते नीट वाचा.

रियाझ_पहाटेचा · रात्री १०:३१

नव्या तारांचा आवाज पहिले काही दिवस चमकदारच असतो. नऊ वर्षांच्या मेलेल्या तारांची सवय असेल तर तो टोचणारच.

माजघर · रात्री १०:४८

आमच्याकडे मुलाची गिटार अशीच कोरडी पडली होती. फ्रेट असतात त्या काळ्या पट्टीला खोबरेल चोळलं, लगेच तुकतुकीत झाली. कुबट वास येत असेल तर दोन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा.

सहावी_तार · रात्री १०:५५

उन्हात ठेवू नका, आणि खोबरेलही नको. माजघर, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतंय, पण खोबरेल लाकडात मुरतं आणि काही महिन्यांनी खवट वास मारतं. शिसवीच्या पट्टीला लेमन ऑइल म्हणून विकतात ते दोन थेंब पुरतं, वर्षातून एखाद्या वेळी. उन्हाने सरस सुटतो. गिटारचा प्रत्येक जोड सरसावर उभा असतो.

देवरुखची, माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

देवरुखची · रात्री ११:१०

साधी अकूस्टिक आहे, स्थानिक बनावटीची, आत लेबल होतं ते वाळवीने की कशाने खाल्लंय. कापडी पिशवीत होती. तारा सैल केल्याचं आठवत नाही. माळा पडवीवरचा, पावसात भिंत ओली असते. बाराव्या फ्रेटवर ५ मिमी भरतंय. आणखी एक, मानेवरून हात खाली सरकवला की कडेला फ्रेटची टोकं टोचतात, आधी असं नव्हतं. ट्रस रॉड कुठे असतो? पाना कुठला आणू? उद्या ऑफिसमधून येताना घेते.

मिरजेचा_तंबोरा · रात्री ११:३०

गिटारचं मला कळत नाही, पण न वाजलेल्या वाद्याचं कळतं. आमच्या घरी आजोबांचा तंबोरा पंधरा वर्षं खोळीत होता. काढला तेव्हा भोपळा ठणठणीत, पण तार नुसती टणत्कार करायची, गुंजन नाहीच. शेवटी जवारी काढून आणली. घोडीच्या माथ्यावर तार जिथे टेकते तो उतार केसभर चुकला की तार नुसती तुटक बोलते, आणि तो उतार पुन्हा जुळवायला कारागीर अर्धा दिवस घासतो, ऐकतो, परत घासतो. भोपळे मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचं, आणि हात तिथल्या पिढ्यांचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. तुमच्या गिटारच्या घोडीचीही जवारी बघून घ्या.

सहावी_तार · रात्री ११:३८

काका, गिटारला जवारी नसते. तार हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर नेमक्या एका रेषेत टेकावी लागते, पसरून टेकली तर इथे तो दोष धरतात. तंबोऱ्यात हवं असतं तेच गिटारमध्ये नको असतं.

फ्रेटची टोकं टोचतात याचा उलगडा सोपा आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, धातू तसाच राहतो. कोकणात नऊ पावसाळे पिऊन फुगलेली पट्टी तुम्ही पुण्याच्या एप्रिलमध्ये आणली, जिथे दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. पट्टी आक्रसली, फ्रेट बाहेर आले. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवते. पिशवीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा, पाणी ठिबकणार नाही इतका पिळून. पाऊस सुरू झाला की तो काढायचा.

पण कोरड्या हवेत गिटारचा पुढचा पत्रा, म्हणजे भोक असलेली पातळ लाकडी फळी, खाली बसतो आणि तारा खाली येतात. तुमच्या ५ मिमी वर आहेत, हे जुळत नाही. पाना घेऊ नका अजून.

श्टुटगार्टकर · मंगळवार, पहाटे २:१५

शिसवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फ्रेटची पट्टी शिसवीची असेल आणि गिटार परदेशी नेणार असाल तर आता कागदपत्रांची भीती नाही. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात गेल्या होत्या, पण तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. फक्त ब्राझिलची शिसवी १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तिला सूट नाही. विमानात नेताना तारा दोन सूर उतरवा.

देवरुखची · सकाळी ७:२०

मी कुठेही नेत नाहीये.

गोल भोकातून टॉर्च मारून पाहिलं, आत नट वगैरे काही नाही. डोक्याकडेही झाकण नाही, तिथे नुसत्या दोन लांब खाचा आहेत आणि त्यात पांढऱ्या जाड नळ्या, त्यांवर तारा गुंडाळल्या आहेत. रॉड नेमका कुठे बघायचा?

सहावी_तार · सकाळी ७:२४

थांबा. दोन लांब खाचा आणि पांढऱ्या नळ्या? दुकानात काढलेल्या जुन्या तारा कशा होत्या?

देवरुखची · सकाळी ७:३१

वरच्या तीन चांदीसारख्या. खालच्या तीन मासे पकडायच्या तंगुसासारख्या, पारदर्शक, पिवळ्या पडलेल्या. दुकानदार म्हणाला असल्या आता कुणी लावत नाही, सगळ्या स्टीलच्या घाला, आवाज खुलेल.

सहावी_तार · सकाळी ७:३३

ऑफिसला निघायच्या आधी सहाही खुंट्या सैल करा. एक तार पूर्ण सोडून मग दुसरी असं नको, सगळ्या थोड्या थोड्या, आळीपाळीने. बाकीचं मागून लिहितो.

कोथरूडचा_बास · सकाळी ७:५०

माझा सल्ला मागे घेतो. ही क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार आहे, बहुतेक क्लासिकलमध्ये ट्रस रॉड नसतोच. पाना आणू नका. काल न विचारता बोललो ते चुकलं.

सहावी_तार · सकाळी ८:२०

आता सविस्तर. चांदीसारख्या दिसणाऱ्या तीन ताराही आतून नायलॉनच्या धाग्यांच्याच असतात, वर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते, म्हणून फसगत होते. नायलॉनच्या सहा तारांची मिळून ओढ साधारण ४० किलो. स्टीलच्या पातळ संचाची ७० च्या वर. तुमच्या गिटारची पाठ-छाती ४० किलोसाठी बांधलेली आहे, पत्रा पातळ, आतल्या पट्ट्या पंख्यासारख्या नाजूक. महिनाभर तिच्यावर जवळजवळ दुप्पट ओढ होती. पत्रा ब्रिजच्या (तारा जिथे बांधतात ती चिकटवलेली घोडी) मागे फुगला, तारा वर गेल्या. बोटं सुन्न होण्याचं मुख्य कारण हे. सूर चढतात कारण ब्रिजवरची पट्टी नायलॉनच्या हिशेबाने बसवलेली आहे, स्टीलच्या तारेला तिथे थोडी जास्त लांबी लागते. शिवाय ५ मिमी वरून तार खाली दाबताना ती ताणली जाते ते वेगळंच. क्लासिकलला बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ४ मिमी चालतात, त्यामुळे कदाचित एकच मिमी बिघडलाय.

संध्याकाळी एक करा. ब्रिजच्या मागच्या कडेला साध्या वहीचा कागद सरकवून बघा, कुठे आत जातो का.

रियाझ_पहाटेचा · सकाळी ९:०५

स्टीलचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. तरी घट्ट्यांचं म्हणणं सोडत नाही. नायलॉन लावल्यावरही पहिले दिवस दुखेल, तेव्हा गिटार पुन्हा बिघडली समजू नका.

मिरजेचा_तंबोरा · सकाळी ९:४०

नायलॉनच्या आधी तिथे काय लावत?

सहावी_तार · सकाळी ९:५५

तांत, काका, म्हणजे आतड्याची तार, तुमच्या सारंगीसारखी. दुसऱ्या महायुद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेना. न्यूयॉर्कच्या ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा केल्या, स्पेनचे गिटारवादक सेगोव्हिया यांनी त्या वाजवल्या आणि तांत मागे पडली.

देवरुखची · रात्री ८:१०

कागद उजव्या कोपऱ्यात ३ मिमी आत जातो. बाकी कुठे नाही. म्हणजे ब्रिज उखडतोय का? फेव्हिकॉल घालून वर वजन ठेवू का? घरात आहे.

कोथरूडचा_बास · रात्री ८:१८

फटीत फेव्हिकॉल भरा आणि क्लॅम्प लावा, २४ तासांत पक्कं होतं. लाकडाला लाकूड आहे.

सहावी_तार · रात्री ८:२५

नको. फटीत जुना सरस आणि धूळ आहे, त्यावर नवा गोंद धरत नाही, आणि पुढे कुणाला ब्रिज काढायचा झाला तर तो फेव्हिकॉल खरवडताना पत्र्याचे तंतू उपटतील. साफ करूनच लावायला हवं. आणि सपाट वजन ठेवलं तर आतून आधार नसताना पत्रा दबेल. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे उद्याच न्या, त्याला फक्त एवढं सांगा: क्लासिकल आहे, चुकून स्टील लागलं होतं, कोपरा सुटलाय.

कोथरूडचा_बास · रात्री ८:३१

मी दोन ब्रिज असे लावलेत, दोन्ही टिकलेत. पण बाबांची गिटार आहे म्हणून गप्प बसतो.

अडगळीतला_सूर · बुधवार, दुपारी १:१२

माझ्याकडे पण जुनी आहे, तिला इलेक्ट्रिक करता येईल का? पिकअप कुठला घ्यावा?

सहावी_तार · दुपारी १:२०

त्यासाठी वेगळा धागा काढा.

देवरुखची · गुरुवार, रात्री १०:०५

काल दिली, आज परत मिळाली. त्याने कोपरा साफ करून सरसाने बसवला, रात्रभर आतून-बाहेरून दाबून ठेवला. फ्रेटची टोकंही कानशीने घासून दिली, आता टोचत नाहीत. नायलॉनचा कमी ओढीचा संच घातलाय. बाराव्या फ्रेटवर ४ मिमीला थोडी जास्त. सी धरता येतो. आवाज तोच आहे, मी ओळखला.

पण सूर टिकत नाही. लावून पाणी प्यायला गेले तेवढ्यात तिसरी तार उतरली. ब्रिज परत सुटतोय का?

सहावी_तार · रात्री १०:१४

नाही, नवं नायलॉन असंच ताणत जातं, तीन-चार दिवस. कागद आत जात नाही ना? मग ब्रिजला काही नाही. तार बाराव्या फ्रेटपाशी धरून हलकी उचला, सोडा, सूर लावा, असं दिवसातून चार-पाच वेळा. बुधवारीच लावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण रविवार संध्याकाळ गाठता येईल. नवा जोड आहे म्हणून तूर्त अख्खी गिटार अर्धा सूर खाली लावा, ओढ आणखी कमी होते. गाणार कोण आहे?

देवरुखची · रात्री १०:२०

मावशी. तिला काळी दोन लागते.

सहावी_तार · रात्री १०:२३

मग कॅपोही (सूर चढवायला मानेवर लावतात तो चिमटा) नको. अर्धा सूर खाली लावून ई ची पकड धरा, काळी दोनच येते.

रियाझ_पहाटेचा · रात्री १०:४१

दोन गाण्यांत एफ आहे का? असेल तर बारे (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरत बसू नका, खालच्या, पातळ बाजूच्या चारच तारा वाजवा.

देवरुखची · शनिवार, रात्री ११:५०

एफ नाही, पण बी आहे, तिथे चारच तारा वाजवतेय. तिसरी आज सकाळपासून दोनदाच उतरली. उद्या साडेपाचला कार्यक्रम आहे, पाच वाजता शेवटची लावेन. बोटं दुखतायत, पण बधिर होत नाहीत.

माजघर, कुबट वास अजून येतो. उन्हात नाही ठेवत, खिडकी उघडून खोलीतच पिशवीबाहेर ठेवली आहे. आणखी काही करता येत असेल तर सोमवारी विचारते.