निळ्या टर्फवर आपली निळी जर्सी दिसत नाही, का फक्त आमच्या बाबांनाच?

खडकीबाजार:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण दोन आठवडे डोक्यात बसलाय म्हणून टाकतोय. आमचे बाबा ७४ वर्षांचे, तरुणपणी खडकीत मातीच्या ग्राउंडवर हॉकी खेळायचे, सेंटर हाफला, आणि धनराज पिल्ले आमच्या खडकीचा हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ऐकावं लागतं. हल्ली मी त्यांना प्रो लीगचे, म्हणजे देशादेशांमधल्या हॉकी मॅचेसचे, रिप्ले टीव्हीवर लावून देतो. परवा भुवनेश्वरची मॅच होती, निळं टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान), आपली पोरं गडद निळ्या जर्सीत, चड्डी निळी, स्टॉकिंग्जपण निळे. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "समोरचे दिसतायत, आपले कुठायत रे?"

मला आधी हसूच आलं. पण मग मी पण नीट बघितलं तर लांबच्या कॅमेऱ्यातून बॉल दिसतो, समोरची टीम दिसते, आपल्या साइडला नुसती मुंडकी आणि स्टिका फिरतायत असं वाटतं. तर विचारायचं असं की मुळात निळाच का, झेंड्यात केशरी पांढरा हिरवा आहे आणि निळं म्हणाल तर चक्रापुरतं, आणि दुसरं म्हणजे मैदान निळं झालं तेव्हा जर्सी बदलावी असं कुणालाच वाटलं नाही का? बाबांचं म्हणणं धनराजच्या वेळची फिकट आकाशी होती तीच बरी होती.

राईट_इन:
भाऊ आधी बाबांचा मोतीबिंदू बघून घ्या, जर्सीचं नंतर बघू.

टर्फवाला:
मोतीबिंदू असेल नसेल, काकांचं म्हणणं एकदम उडवून लावू नका. क्रम बघा कसा झाला. ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं १९७६ ला माँट्रियलला, हिरवं, बॉल पांढरा. (आपण तिथे सातवे आलो, तो विषय वेगळा, त्यावर रात्रभर भांडता येईल.) हिरव्यावर आकाशी जर्सी म्हणजे मस्त उठून दिसायची, काकांच्या डोळ्यात तेच बसलंय. मग २०१२ ला लंडनने टर्फ केलं निळं, बाहेरची पट्टी गुलाबी आणि बॉल पिवळा. ऑलिम्पिकमध्ये निळं टर्फ पहिल्यांदाच. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, पण निळ्यावर पिवळा बॉल टीव्हीवर जसा दिसतो तसा हिरव्यावर पांढरा कधीच दिसला नाही हे मान्य करावं लागेल. मग रिओ निळं, पॅरिस निळं, भुवनेश्वरचं कलिंगा निळं, राउरकेलाचं नवीन बिरसा मुंडा स्टेडियम पण निळं.

म्हणजे सगळा विचार झाला तो बॉलचा. खेळाडूचा झालाच नाही. डच लोकांचं काय, त्यांची केशरी जर्सी निळ्यावर पेटल्यासारखी दिसते, त्यांना काही न करता लॉटरी लागली. बेल्जियमचा लाल पण चांगला उठतो. आपलं मात्र मैदान आपल्याच रंगाचं झालं आणि आपण पुढे आकाशीवरून अजून गडद निळ्याकडे गेलो. त्यात टर्फवर मॅचच्या आधी पाणी मारतात, ओलं टर्फ आणखी गडद, घामाने जर्सी आणखी गडद, झालं.

हाफलाईन:
गंमत अशी की ऑस्ट्रेलियाची जर्सी पिवळी आणि बॉलपण पिवळा. मी डिफेन्सला खेळायचो, आमच्या समोर एकदा पिवळ्या जर्सीची टीम होती, त्यांच्या फॉरवर्डच्या पायाजवळ बॉल आला की क्षणभर कळायचं नाही बॉल कुठला आणि स्टॉकिंग कुठलं. हरलो त्याचं कारण हे नव्हतं, पण सांगायला बरं पडतं.

जुनं_पेपर_कात्रण:
निळाच का यावर. जर्सीचा रंग झेंड्यातलाच हवा असा काही नियम नाहीये. इटलीच्या झेंड्यात निळा कुठाय? तरी सगळ्या खेळात निळेच, तो त्यांच्या जुन्या सावॉय राजघराण्याचा रंग. हॉलंडचा झेंडा लाल पांढरा निळा, जर्सी केशरी, ते पण ऑरेंज राजघराण्यामुळे. ऑस्ट्रेलियाचं हिरवं सोनेरी तर तिथल्या वॉटल झाडाच्या फुलावरून, आणि ते अधिकृत राष्ट्रीय रंग झाले ते १९८४ मध्ये, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. न्यूझीलंडचा काळा झेंड्यात औषधालासुद्धा नाही.

आपल्याकडे केशरी घ्या म्हणणारे नेहमी येतात पण समोर हॉलंड आलं की दुसरा सेट काढावाच लागेल, हिरवा घेतला तर पाकिस्तान. राहिला पांढरा आणि चक्राचा निळा. आता बघा, दुसरा सेट आपला पांढराच आहे. म्हणजे शेजारपाजारचे रंग वजा करत गेलं की तसंही निळ्यावरच येऊन थांबतो आपण.

आणि रंग आणि देश यांचं नातं बघायचं तर १९३६ बर्लिन आठवा. टीम मैदानात होती ब्रिटिश इंडियाच्या झेंड्याखाली, पण जर्मनीविरुद्धच्या फायनलच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये टीमचे सहाय्यक मॅनेजर पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सगळ्यांनी त्याला सलाम केला, ध्यानचंदनी स्वतः लिहून ठेवलंय. मग बाहेर जाऊन ८-१. तारीख १५ ऑगस्ट! अंगावरच्या कपड्यावर काय होतं आणि मनात काय होतं, दोन्ही वेगळं. असो, भरकटलो.

छापखाना_पिंपरी:
माझं जर्सी प्रिंटिंगचं काम आहे, शाळा, क्लब, ऑफिस टुर्नामेंट सगळे येतात, म्हणून डिझाइनबद्दल बोलतो. पूर्वी जर्सी म्हणजे रंगवलेलं कापड, त्यावर नंबर शिवा नाहीतर स्क्रीन प्रिंट मारा, प्रत्येक जादा रंगाला जादा पैसे. म्हणून जुन्या जर्सी साध्या, एक रंग, कॉलर वेगळी, संपलं. आता सब्लिमेशन. कागदावर डिझाइन छापायचं, पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून हीट प्रेस मारायचा, शाई कापडात जाते. एक रंग छापा नाहीतर चाळीस छापा, खर्च तेवढाच. मग काय, गिऱ्हाइकाला थांबवणार कोण! वाघाचे पट्टे, विजा, धूर, चक्राच्या आऱ्या, तिरंग्याची लाट, सगळं एकाच छातीवर पाहिजे. आणि यात मरतो तो नंबर. निळ्यातून निळ्यात जाणारं शेडिंग आणि त्यावर केशरी बारीक नंबर, जवळून फोटो भारी येतो, पण ग्राउंडच्या त्या टोकावरून अंपायरला ८ का ३ कळत नाही. मी प्रत्येकाला सांगतो नंबर मोठा आणि रंगाला विरुद्ध घ्या, दहातले दोन ऐकतात.

नॅशनल टीमच्या जर्सीबद्दल एकच गोष्ट आवडते, ऑलिम्पिकला स्पॉन्सरचं नाव चालत नाही. एरवी छातीवर ओडिशा, २०१८ पासून. त्यांनी हॉकीसाठी जेवढं केलंय त्यावर माझं काही म्हणणं नाही, उलट एक राज्य सरकार अख्ख्या देशाच्या टीमला सांभाळतं हे मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो. पण टोकियो, पॅरिसला छातीवर नुसतं इंडिया, आणि जर्सी एकदम श्वास घेतल्यासारखी मोकळी दिसते.

बर्फातला_सातारकर:
टोरंटोहून. इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची, आपल्या हॉकीला फील्ड हॉकी म्हणून सांगावं लागतं, पहिली दोन वर्षं मी चिडायचो. तुमचा प्रश्न वाचून एक गोष्ट डोक्यात आली. बर्फ पांढरा, आणि इंटरनॅशनल मॅचला एक टीम गडद, दुसरी फिकट, म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्यात. तरी पांढऱ्या बर्फावर पांढरी टीम दिसते. का? कारण पँट गडद, खांद्यावर नाहीतर दंडावर जाड पट्टे. नुसत्या जर्सीच्या रंगावर सगळं सोडलेलं नसतं. मला वाटतं तुमच्या बाबांची खरी तक्रार जर्सी निळी असण्याची नाहीच, वरपासून खालपर्यंत सगळंच निळं ही आहे. स्टॉकिंग्ज पांढरे केले तरी निम्मा प्रश्न मिटेल.

बाकी रंगाचा गोंधळ बघायचा तर कॅनडाच्या बायकांची १९९० ची टीम. बायकांची पहिलीच वर्ल्ड चॅम्पियनशिप, ओटावाला, आणि लाल पांढऱ्या देशाच्या टीमला दिली चक्क गुलाबी जर्सी, टॅकला नावाच्या फिनलंडच्या कंपनीने बनवलेली. लोकांचं लक्ष वेधायला म्हणून. लक्ष वेधलं गेलं हे खरं, प्रेक्षकपण गुलाबी घालून आले, आणि फायनलला अमेरिकेला ५-२ हरवलं. पण विचार करा, बायकांच्या हॉकीला कुणी तरी सिरियसली घ्यावं म्हणून त्या जीव तोडून खेळतायत आणि त्यांना बघायला आणायची आयडिया काय तर गुलाबी. पुढच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला परत लाल पांढरं.

गोलीण:
गुलाबीवरून माझे दोन पैसे. कॉलेजला असताना आम्हाला स्कोर्टच घालायला लागायचा, म्हणजे आत चड्डी वर स्कर्ट. मी गोलकीपर, माझ्या अंगावर एवढे पॅड असायचे की मला कुणी विचारलंच नाही, पण आमच्या दोघी तिघी चांगल्या खेळणाऱ्या पोरींना शॉर्ट्स हव्या होत्या आणि सर म्हणायचे टीम एकसारखी दिसली पाहिजे. आता इंग्लंडच्या टेस हॉवर्डने हा विषय लावून धरला, आणि आता एकाच टीममध्ये कुणी स्कोर्ट कुणी शॉर्ट्स असं चालतं, पॅरिसला ब्रिटनच्या टीमला तशी निवड होती. रंग एक असला की टीम एकसारखीच दिसते हो, कुणाच्या मांडीवर काय आहे ते कोण बघतंय.

आणि सगळे टीमच्या रंगावर बोलताय, गोलकीपर विसरलात नेहमीप्रमाणे. आमचा शर्ट आपल्या टीमपेक्षा पण वेगळा आणि समोरच्या टीमपेक्षा पण वेगळा लागतो, म्हणून आमच्या वाट्याला कायम उरलेला रंग. पोपटी, जांभळा, भडक शेंदरी. पण श्रीजेशला आठवा, जर्सी कुठल्याही रंगाची असो, १६ नंबर दिसला की माणूस निवांत बसायचा. पॅरिसनंतर हॉकी इंडियाने सीनियर टीममधून तो नंबरच रिटायर केला.

चष्मेवाला:
मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, डॉक्टर नाही. पण राईट_इन गमतीत बोलला ते खरंच तपासा. मोतीबिंदू वाढत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळट, कधी तपकिरी होतं, आणि पिवळं भिंग नेमका निळा प्रकाश अडवतं. त्यामुळे नेव्ही ब्लू काळपट दिसतो, निळ्या निळ्यातला फरक मरतो, लाल केशरी मात्र ठीक दिसतात. हळूहळू होतं म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. आमच्याकडे येणारे काका लोक काळा मोजा आणि नेव्ही मोजा जोडीने घालून येतात. काकांच्या पायाकडे बघा एकदा.

खडकीबाजार:
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण मधे धावपळ झाली. चष्मेवाले, मोजे बघितले. एक काळा एक निळा. दुसऱ्याच दिवशी दाखवायला घेऊन गेलो, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. गेल्या आठवड्यात उजव्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिली गोष्ट, आईला विचारलं हा पडदा कधी बदललास, तो पडदा बारा वर्षांचा आहे.

काल मॅच लावली. उजव्या डोळ्याने जर्सी निळी, डाव्याने काळपट, दोन दोन मिनिटांनी डोळा बदलून बघतायत आणि मला कॉमेंट्री देतायत. सातारकर, तुमचा स्टॉकिंग्जचा मुद्दा त्यांना वाचून दाखवला, तो पटला, नव्या डोळ्याने बघूनसुद्धा खाली पांढरंच पाहिजे म्हणतात. आकाशी जर्सीची मागणी मात्र मागे घेतलेली नाही. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तोवर आमच्याकडे हॉकी एक डोळा झाकून चालू आहे.