मदत हवी आहे: फेब्रुवारीत जपान, ४ रात्री. बर्फ, ओनसेन (गरम पाण्याचे झरे) आणि सोबत आई-बाबा

धागाकर्ता
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोक्योहून चार रात्री मोकळ्या आहेत. एकूण पाच जण: आम्ही दोघं, मुलगी (९), आई (६६) आणि बाबा (७१, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात). आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. स्कीइंग कोणालाच करायचं नाही. बर्फ बघायचा, गरम पाण्यात बसायचं आणि ती आंघोळ करणारी माकडं बघायची.

सध्याचा बेत: कुसात्सु १ रात्र, युदानाका १, हाकुबा १, शिराकावा-गो १, मग परत टोक्यो. नकाशात सगळं शेजारी-शेजारी दिसतंय. हे जमेल का? जेआर पास (रेल्वेचा पर्यटक पास) काढावा का? आईच्या जेवणाचं काय? आणि ओनसेनमध्ये खरंच काहीच न घालता उतरावं लागतं का?

तोक्योकर
नकाशाने फसवलंय तुम्हाला. कुसात्सु आणि युदानाका यांच्यामध्ये शिगा-कुसात्सुचा डोंगरी रस्ता आहे (राष्ट्रीय मार्ग २९२), पण तो साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत बर्फामुळे बंद असतो. मग उरतं काय? कुसात्सुहून बसने कारुइझावा, तिथून शिनकानसेनने (अतिवेगवान रेल्वे) नागानो, तिथून नागानो देनतेत्सु या स्थानिक रेल्वेची गाडी. डोंगराच्या पलीकडच्या गावाला जायला अख्ख्या डोंगराला वळसा. तीच गत तातेयामा-कुरोबे आणि कामिकोची या डोंगरी ठिकाणांची. जुन्या ब्लॉगांमध्ये त्यांचे सुंदर फोटो दिसतील, पण हिवाळ्यात तिथे वाहतूकच नसते.

शिराकावा-गो तर वेगळ्याच दिशेला आहे. नागानोहून शिनकानसेनने कानाझावा, मग बसने सुमारे सव्वा तास. तिथली रात्रीची रोषणाई जानेवारी-फेब्रुवारीतले मोजकेच दिवस असते आणि आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. ते या फेरीत सोडा. हाकुबाही सोडा, स्की करायचं नसेल तर तिथे वेळ घालवायला फारसं काही नाही.

माझा आग्रह: एकच खोरं धरा आणि तिथे सलग दोन रात्री राहा. र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी सराय) खोली दुपारी ३ नंतर मिळते, सकाळी १०-११ला सोडावी लागते. एकेक रात्र केली तर प्रत्येक दिवस सामान बांधण्यात जातो, आणि सूर्य पाचच्या सुमारास मावळलेला असतो.

पहिली रात्र नागानो शहर, झेन्कोजी देवळाजवळ. दुसरी-तिसरी शिबु ओनसेन (युदानाकाच्या पुढचं गाव). चौथी टोक्योत. परतीचं विमान असलेल्या दिवशी डोंगरातून थेट विमानतळ असं कधीही करू नका. बर्फामुळे डोंगरातल्या बस अडकतात.

जेआर पास नको. टोक्यो ते नागानो होकुरिकु शिनकानसेनने दीड तासाच्या आसपास, तिकीट एका बाजूचं साधारण ८,००० येनच्या वर. ७ दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्येच ५०,००० येन झाला. गणित बसतच नाही. मुलीला अर्धं तिकीट. ‘कागायाकी’ गाडीत सगळे डबे आरक्षित असतात, तिच्यात ऐनवेळी चढायचा बेत नको.

मेतकूट_भात
आईंच्या जेवणाबद्दल. अडचण मांस-मासे ओळखण्याची नाही, ते ताटात दिसतात. अडचण ‘दाशी’ची आहे. हा बहुतेक जपानी स्वयंपाकाचा आधाराचा अर्क, आणि तो बहुधा कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कापांचा असतो. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबा (कुट्टूच्या शेवया) बुडवायचं पाणी, सगळ्यात तो असतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंत तर माशाचा तुकडा काढून तेच सूप समोर येईल, आणि देणाऱ्याला त्यात काही चूक वाटणार नाही. बुकिंगच्या वेळीच लिहा: "निकु, साकाना, तामागो, कात्सुओ-दाशि वा ताबेमासेन. कोम्बु-दाशि वा दाइजोबु देसु." म्हणजे मांस, मासे, अंडं, कात्सुओचा अर्क चालत नाही, समुद्री शेवाळाचा चालतो. लहान र्‍योकान कधी कधी सरळ नाही म्हणतात. ते बरंच, निदान आधी कळतं.

नाही म्हटलं तर ‘सुदोमारि’, म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली घ्या. र्‍योकानचे दर माणशी असतात, त्यात न खाल्लेल्या सात-आठ पदार्थांचे पैसे कशाला भरायचे?

तोक्योकर यांनी झेन्कोजी सुचवलं ते आईंसाठी उत्तमच. देवळाभोवती ३९ ‘शुकुबो’ म्हणजे यात्रेकरूंची निवासस्थानं आहेत. तिथे ‘शोजिन र्‍योरी’ मिळतं. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्याला हे समजवावं लागणार नाही. पण तिथेही "शोजिनच हवं" असं स्पष्ट सांगा.

नागानोचे ‘ओयाकी’ हे भरलेले कणकेचे गोळे. भोपळा किंवा गोड लाल चवळीसारख्या ‘आझुकी’चं सारण घ्या. नोझावानाच्या पालेभाजीचं चांगलं लागतं, पण त्यातल्या मसाल्यात दाशी असू शकतो, विचारून घ्या.

घरून खाकरा, कोरड्या चटण्या, मेतकूट न्या. जपानी भात मऊ आणि चिकट असतो, मेतकुटाला अगदी योग्य. मांसाचा अंश असलेलं काहीही, ताजी फळं, ताज्या भाज्या, कढीपत्ता नेऊ नका. आणि आपली २३० व्होल्टची प्रवासी किटली किंवा कुकर घरीच ठेवा. तिथे वीज १०० व्होल्टची, त्यामुळे उष्णता जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी मिळते, पाणी कोमटच राहतं. खोलीत गरम पाण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, त्यात तयार उपमा-पोहे भिजतात.

धागाकर्ता
बेत बदलला, आभार. आई म्हणते, चारचौघींत तसं उतरणं तिला जमणार नाही. आणि बाबांच्या रक्तदाबाचं?

वाफाळ
हो, पोहण्याचा पोशाख चालत नाही. स्त्रिया आणि पुरुष वेगळे असतात (निळा पडदा पुरुषांचा, लाल स्त्रियांचा, पण काही ठिकाणी रात्री अदलाबदल करतात, म्हणून 男 (पुरुष) आणि 女 (स्त्री) ही अक्षरं ओळखायला शिका). आईंसाठी ‘काशिकिरि’ असलेला र्‍योकान निवडा. म्हणजे कुटुंबापुरतं खाजगी कुंड, बहुधा ४५-५० मिनिटांसाठी, आतून कडी लावायची. पोहोचल्या पोहोचल्या काउंटरवर वेळ नोंदवा, संध्याकाळच्या वेळा आधी संपतात. टॅटू असलेल्यांनाही हाच मार्ग.

क्रम असा: बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचं, साबण नीट काढायचा, केस वर बांधायचे, मग कुंडात. कुंडातलं पाणी सगळ्यांचं, त्यात साबण नाही, कपडा नाही, छोटा टॉवेलही नाही. तो डोक्यावर ठेवतात.

बाबांसाठी महत्त्वाचं. थंडगार कपडे बदलायची खोली, मग ४०-४२ अंशांचं पाणी: आधी रक्तवाहिन्या आकसतात, मग एकदम फैलावतात आणि रक्तदाब आपटतो. माणूस बहुधा उठताना पडतो, बसलेला असताना नाही. पायापासून सुरुवात करून दहा तांबे अंगावर घ्यायचे, मग छातीच्या खालपर्यंतच बसायचं, पाच मिनिटांत बाहेर, काठावर बसून मग उभं राहायचं. जेवणानंतर लगेच नाही, साकेनंतर (तांदळाची दारू) तर नाहीच, आणि एकटे नाही. आधी आणि नंतर पाणी प्या. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचाराच.

शिबुमध्ये नऊ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, तिथे मुक्काम करणाऱ्यांना र्‍योकानकडून किल्ली मिळते. नऊ म्हणजे ‘कु’, आणि ‘कु’ म्हणजे कष्टही, म्हणून नऊही केली की कष्ट धुतले जातात असा समज. पाणी कधी कधी हात घालवत नाही इतकं कडक असतं. थंड पाण्याचा नळ असतो, तो थोडाच सोडा. बाबांनी हा भाग टाळलेला बरा.

एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडत नाही: आईंची चांदीची जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. मंगळसूत्रही काढलेलं बरं, सोन्यातल्या तांब्याचा रंग बदलू शकतो.

तोक्योकर
र्‍योकानबद्दल दोन भर. गुडघे कुरकुरत असतील तर ‘वा-योशित्सु’ म्हणजे पलंग असलेली खोली मागा, आणि जेवायला खुर्ची-टेबल. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, खालच्या मजल्याची खोली मागून घ्या. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला लागतं, उशीर होणार असेल तर फोन करा.

माकडांचं उद्यान जिगोकुदानीला, शिबुजवळच्या काम्बायाशी ओनसेनपासून १.६ किलोमीटर चालत. चढ किरकोळ, पण तुडवून तुडवून बर्फाची काच झालेली असते. अर्धा-पाऊण तास धरा, बाबांना तासभर. बुटांना बांधायचे काटेरी रबरी पट्टे टोक्योत किंवा नागानोत आधीच विकत घ्या. काठीही हवी. सुती मोजे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. लोकरीचे न्या आणि जास्तीची जोडी. खोल्या, गाड्या प्रचंड तापवलेल्या असतात, म्हणून एकच जाड जाकीट नको, तीन पातळ थर, झटकन काढता येतील असे.

हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडाला खाऊ वाटतो. डोळ्यांत डोळे घालू नका, मुलीलाही आधी सांगा. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बसते. हिवाळ्यात उद्यान सकाळी ९ ते ४, सकाळीच जा.

मोठ्या बॅगा टोक्योच्या हॉटेलातून ‘ताक्क्युबिन’ने (सामान पोहोचवणारी कुरिअर सेवा) पुढे पाठवा, पावतीवर पोहोचायची तारीख आणि मुक्कामाचं नाव लिहून. एरवी दुसऱ्या दिवशी पोहोचतात, बर्फाच्या दिवसांत एक दिवस जास्त धरा आणि गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा.

धागाकर्ता
शेवटचं: व्हिसा ऑनलाइन आलाय. छापील प्रत पुरेल ना?

वाफाळ
नाही. ई-व्हिसाची नोटीस विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू असताना, त्या संकेतस्थळावरूनच दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील कागद चालत नाही. पाचही जणांचे लॉगिन एकाच फोनवर उघडून बघा, आणि त्या फोनचं रोमिंग मुंबईतच सुरू करून निघा.