मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स उडालं, रिबॉलिंग करू की नवी चिप? (नागपूर)

सुईदोरा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट लिहून मग "अजून माहिती द्या" ऐकण्यापेक्षा एकदाच सगळं सांगते.

नागपूरच्या महाल भागात माझं एम्ब्रॉयडरीचं काम आहे. ब्लाउजच्या पाठी, बाह्या, ओढण्यांचे काठ. डिझाइन लॅपटॉपवर पंच करायचं (म्हणजे चित्राचे टाके बनवायचे), मशीनला कळणारी डीएसटी फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो मशीनला लावायचा. लॅपटॉप २०१२ चा: तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन, ४ जीबी रॅम, विंडोज ७, आणि वर १ जीबीचं वेगळं ग्राफिक्स (स्क्रीनवरचं चित्र काढणारी स्वतंत्र चिप). "नवा घेऊन टाक" म्हणणारे घरात पुरेसे आहेत, इथे नकोत. अडचण डोंगलची आहे, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या परवान्याच्या चावीची. पंचिंगचं सॉफ्टवेअर डोंगलशिवाय उघडत नाही, त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे सरकलेला नाही, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नव्या लॅपटॉपपेक्षा महाग आहे.

आता दुखणं. मार्चमध्ये सुरू झालं. डिझाइनचा थ्रीडी प्रीव्ह्यू उघडला की मोराच्या पिसाऱ्यावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटायचे. मग मधूनच स्क्रीन सेकंदभर काळी व्हायची आणि कोपऱ्यात फुगा यायचा की डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता सुरू झाला. एप्रिलमध्ये निळी स्क्रीन, खाली ११६ हा आकडा. आता तर विंडोजचा लोगो दिसतो, स्क्रीन काळी पडते आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेलं तर मात्र शहाण्यासारखा चालतो. चौकोन यायचे तेव्हा बाहेरचा मॉनिटर लावून पाहिला होता, तिथेही तेच. म्हणजे स्क्रीन किंवा तिची केबल नाही, एवढं मलाही कळलं.

बर्डीवर एका दुकानात दाखवला. "ग्राफिक उडालं ताई, रिबॉल करा लागते." म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे नवे बसवायचे. १८०० रुपये, तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. एकोणीस दिवस चालला, विसाव्या दिवशी पुन्हा तेच. परत नेला तर म्हणे चिपच खराब आहे, ६५०० लागतील, नवीन टाकून देतो. तोंडी गॅरंटी तोंडातच राहिली.

लग्नसराई भरात आहे, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे. ६५०० घालू का? की दुसरीकडे नेऊन पुन्हा नीट रिबॉल करून घेऊ? या कामातल्या कुणीतरी खरं सांगा.

काळा_फ्लक्स

ताई, पैसे देऊ नका, आधी एक बघा. लॅपटॉप उघडता येत असेल तर हीटसिंक (चिपवरची उष्णता ओढणारी धातूची पट्टी) काढून ग्राफिक्स चिपच्या चार कोपऱ्यांवर नजर टाका. पुष्कळ बोर्डांवर तिथे लाल किंवा काळ्या गोंदाचे ठिपके असतात. रिबॉल करायचं तर चिप बोर्डावरून उचलावीच लागते: खालून बोर्ड तापवायचा, वरून चिप तापवून उचलायची, जुनं सोल्डर साफ करायचं, स्टेन्सिल ठेवून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे नवे गोळे बसवायचे, मग पुन्हा जागेवर. हे करताना कोपऱ्यांवरचा गोंद खरवडावाच लागतो. तुमच्याकडे तो जसाच्या तसा असेल तर चिप हललेलीच नाही. नुसती शेकली.

शेकल्यावर चालते का, तर चालते. पण का चालते ते समजून घ्या. चिप म्हणजे दोन मजली घर. वरचा सिलिकॉनचा तुकडा बारीक सोल्डरच्या ठिपक्यांनी खालच्या हिरव्या पाटीवर बसलेला असतो, आणि ती पाटी मोठ्या गोळ्यांनी मदरबोर्डवर. तापल्यावर ही पाटी सिलिकॉनच्या पाचसहा पट जास्त फुगते. रोज तापा, रोज थंड व्हा, अशा ओढाताणीत वरच्या मजल्याचे ठिपके तडकतात. गरम हवा मारली की धातू फुगतो, तडा तात्पुरता मिटतो, आणि काही दिवसांनी पुन्हा उघडतो. रिबॉलिंगमध्ये बदलतात ते खालच्या मजल्याचे गोळे. वरच्या मजल्याला दुकानदार हातसुद्धा लावू शकत नाही. म्हणून अशा बहुतेक केसेसमध्ये मनापासून केलेलं रिबॉलिंगही वायाच जातं.

लोक सगळा दोष शिसं नसलेल्या सोल्डरला देतात. २००६ च्या जुलैपासून युरोपने शिशावर बंधन आणलं हे खरं. जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नवं २१७ च्या पुढे, आणि ते जरा ठिसूळही आहे. पण २००८ मध्ये ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही बिघडणाऱ्या चिपांच्या दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, तेव्हा त्यांनी स्वतःच चिपच्या आतल्या, पॅकेजिंगच्या मालाकडे बोट दाखवलं होतं. तुमचा लॅपटॉप त्या काळातला नाही, तडकण्याची रीत मात्र तीच.

चिप बदलायचीच झाली तर चिपवरचा डेट कोड वाचा. चार आकडे असतात, पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. "नवीन" म्हणून जुन्या बोर्डवरून काढलेली चिप घासूनपुसून देणारे कमी नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

माझ्या भावानं व्हिडिओ पाहून आख्खा बोर्ड केकच्या ओव्हनमध्ये, ओटीजीत टाकला होता. बोर्ड बारा दिवस चालला. ओटीजीतला केक अजून कोणी खाल्ला नाही, आई म्हणते वास येते. तुम्ही काही भाजू नका बाप्पा.

सुईदोरा

आज दुपारी उघडला. मशीनचं पायडल सोडून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर कारागीर मुली घाबरल्या.

पहिला धक्का पंख्याजवळ. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये चक्क नमदा तयार झालाय, राणी रंगाचा, मोरपंखी, थोडी जर. आमच्याच दोऱ्यांचा भुगा, त्यावर कूलरची ओलसर हवा. चिमट्याने ओढला तर एका तुकड्यात निघाला, बोटाएवढा लांब. हवा जायला जागाच नव्हती. हीटसिंकखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी भुरभुरली.

दुसरा धक्का: चारही कोपऱ्यांवर लाल गोंद शाबूत. एकाही ठिपक्याला ओरखडा नाही. बाजूला फक्त चिकट पिवळसर फ्लक्स (सोल्डर करताना लावतात ते) सुकलेलं. १८०० रुपये शेकायचे घेतले मेल्याने! उद्या जाऊन भांडू का?

काळा_फ्लक्स

भांडायचं तर फोटो काढून ठेवा. पण त्या हाताने चिप मात्र बदलून घेऊ नका.

जुना_टेक्निशियन

मी उशिरा आलो, पण मुळातला प्रश्न कुणी विचारलाच नाही. ताई, ते हिरवे-गुलाबी चौकोन यायचे तेव्हा माऊसचा बाण, खालची टास्कबार, डेस्कटॉपवरचे आयकॉन बिघडायचे का? की चौकोन फक्त तुमच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत?

सुईदोरा

फक्त खिडकीत! टास्कबार स्वच्छ असायची. हे महत्त्वाचं आहे हे डोक्यातच आलं नाही.

जुना_टेक्निशियन

मग तुम्हाला चिपची गरजच नाही. तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनच्या पोटात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स असतं, एचडी ४०००. तुमची स्क्रीन त्यालाच जोडलेली दिसते. वेगळी चिप फक्त जड काम करून चित्र इंटेलच्या हवाली करते. म्हणून बिघाड खिडकीपुरता. आणि विंडोज त्या चिपचा ड्रायव्हर उठवायला जातं तिथे सगळं कोसळतं. सेफ मोडमध्ये तो ड्रायव्हर उठतच नाही, म्हणून तो शहाण्यासारखा वागतो.

तर सेफ मोडमध्ये जा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टरखाली दोन नावं दिसतील. इंटेलला हात लावू नका. दुसऱ्यावर उजवी क्लिक, डिसेबल, रीस्टार्ट. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) वेगळं ग्राफिक्स बंद करायची सोय असली तर उत्तमच, सगळ्यांत नसते. एचडीएमआय काही मॉडेलांत वेगळ्या चिपलाच जोडलेलं असतं, ते चालणार नाही. बंद केलेली चिपसुद्धा थोडी वीज पीत राहू शकते, म्हणून बॅटरीकडून फार अपेक्षा नको.

स्क्रीनच वेगळ्या चिपला जोडलेली असती तर हा उपाय चालला नसता. २०११ च्या १५ इंची मॅकबुक प्रोची तीच गोची होती: पोटात इंटेल होतं, तरी लोकांना बूट करताना मशीनला फसवून त्याच्यावर आणावं लागे. ॲपलने २०१५ मध्ये त्या मॉडेलांच्या फुकट दुरुस्तीची योजना काढली.

आणि हार्डडिस्कची आख्खी प्रत आजच काढा. डोंगल आहे, पण ड्रायव्हर आणि विंडोज ७ त्याच डिस्कवर आहे. ती डिस्क चिपच्याच वयाची आहे.

सुईदोरा

नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी लावली, जाळी साफ केली, डिसेबल केलं. तीन वेळा बंद-चालू केला, तिन्ही वेळा थेट डेस्कटॉप. डोंगलचा लाल दिवा लागला आणि सॉफ्टवेअर उघडलं.

मोराच्या पाठीचं डिझाइन ३८ हजार टाक्यांचं आहे. प्रीव्ह्यू आधी पटकन यायचा, आता चारपाच सेकंद घोटाळतो आणि फिरवताना अडखळतो. पण चौकोन नाहीत, पिसारा जिथल्या तिथे. डीएसटी काढली, मशीनला लावली, दुपारच्या उन्हात चार तास लॅपटॉप चालू ठेवला. खालून कोमट, आधीसारखा चटका नाही. एचडीएमआय खरंच मेलं, पण जुन्या मॉनिटरचं व्हीजीए चालतं, तेच वापरते.

डिस्कची प्रत रात्री लावून ठेवतेय. लॅपटॉपची जागाही बदलली, कूलरसमोरून उचलून भिंतीकडे, मशीनपासून दूर. भांडायला बर्डीवर जाणार आहे, पण मोर गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर.