मदत हवी आहे: पवनचक्कीने तेलाचा प्लॅटफॉर्म चालवला, तर वाचलेला कार्बन मांडायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटासाठी सागरी पवनऊर्जा आणि नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढाच काढून घेऊन उत्सर्जन शून्यावर आणणं) यावर टिपण लिहितेय आणि एका प्रकल्पापाशी गाडी अडली आहे. ऊर्जाक्षेत्रात काम केलेल्या किंवा कार्बनचे हिशेब मांडणाऱ्या कुणीतरी हा गुंता सोडवायला मदत करा.

प्रकल्प आहे नॉर्वेचा हायविंड टाम्पेन. उत्तर समुद्रात किनाऱ्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर ११ तरंगत्या पवनचक्क्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली वीज मिळाली. समुद्राचा तळ २६० ते ३०० मीटर खोल. एवढ्या पाण्यात तळात खांब ठोकायची सोयच नाही, साधारण ६० मीटरच्या पुढे तो विचार सोडूनच द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक चक्की काँक्रीटच्या उंच, पोकळ नळकांड्यावर उभी आहे. नळकांड्याच्या बुडाशी वजन भरलेलं असतं, त्यामुळे ती लाटांत कलंडत नाही, आणि साखळदंडांनी ती तळाशी जखडलेली असते. शेजारच्या चक्क्या नांगर वाटून घेतात, त्यामुळे ११ चक्क्यांना १९ नांगर पुरले. हे वाचून मी खरंच हरखले. डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ साली समुद्रातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प झाला, त्यातही ११ चक्क्याच होत्या; पण सगळ्यांची मिळून क्षमता जेमतेम ५ मेगावॅट. टाम्पेनची एकेक चक्की साधारण ८ मेगावॅटची आहे.

आता अडचण. ही वीज कुणाच्या घरी जात नाही. ती जाते स्नोरे आणि गुलफाक्स या तेलक्षेत्रांतल्या पाच प्लॅटफॉर्मना, म्हणजे समुद्रातून तेल काढायच्या मंचांना. त्यांची वर्षाची सुमारे ३५ टक्के गरज यातून भागते. ही वीज आधी प्लॅटफॉर्मवरच्या गॅस टर्बाइन बनवत होत्या. त्या कमी चालल्यामुळे वर्षाला २ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, असं सांगितलं जातं.

आकडा पडताळून पाहिला. सगळ्या चक्क्या मिळून ८८ मेगावॅट, वर्षाचे ८,७६० तास, आणि वाऱ्याची साथ निम्मी (म्हणजे पूर्ण क्षमतेच्या निम्मीच वीज) धरली तर साधारण ३८ कोटी युनिट होतात. २ लाख टनांना त्याने भागलं की युनिटमागे अर्धा किलोच्या थोडं वर. लहान गॅस टर्बाइनसाठी हे पटण्यासारखं आहे. म्हणजे त्या बाजूने तक्रार नाही.

पण जो गॅस प्लॅटफॉर्मवर जळला नाही, तो पाइपातून विकला गेला तर दुसऱ्या देशात जळणारच ना? देशांचे उत्सर्जनाचे आकडे जिथे इंधन जळतं तिथे धरतात. मग हे या खिशातून त्या खिशात झालं. शिवाय एक पिंप तेल जाळलं की साधारण ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने २ लाख टन म्हणजे साडेचार लाखांहून थोडी जास्त पिंपं. नॉर्वे दिवसाला अठरा लाख पिंपांच्या आसपास तेल काढतो. म्हणजे अख्ख्या वर्षाची बचत ही त्या देशाच्या सहा-सव्वासहा तासांच्या तेलाएवढी!

गटातल्या काहींचं म्हणणं, हे उदाहरण टिपणातून काढूनच टाक. मला ते पटत नाही, कारण खोल पाण्यातलं तंत्र असंच कुठेतरी घडणार. पण २ लाख टन हा आकडा नेट झिरोच्या रकान्यात डोळे मिटून लिहायलाही मन धजत नाही. तो कसा मांडावा?

प्रतिसाद १

तुमचं गणित बरोबर आहे, फक्त गॅसचं पुढे काय होतं ते आणखी एक पाऊल नेऊन बघा. प्लॅटफॉर्मवरच्या टर्बाइनची कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या आसपास. तोच गॅस किनाऱ्यावरच्या संयुक्त चक्राच्या केंद्रात (जिथे टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून आणखी वीज काढतात) जाळला तर ५५ टक्क्यांच्या वर मिळते. म्हणजे तेवढ्याच धुरात दीडपटीहून जास्त वीज.

त्या विजेने कोळसा बाजूला सारला (युनिटमागे सुमारे ०.९ किलो धरा), तर बचत पाच लाख टनांपर्यंत जाते. तिने काहीच बाजूला सारलं नाही, नुसता वापर वाढला, तर बचत शून्य. आणि गॅस जमिनीतच राहिला तर तुमचे २ लाख टन. तिन्ही आकडे त्यांच्या अटींसकट लिहा. बेरीज किंवा सरासरी मात्र काढू नका.

तेलाचं उत्सर्जन वेगळ्या ओळीत घ्या. कंपनीच्या हिशेबातही प्लॅटफॉर्मवरचा धूर आणि विकलेल्या तेलाचा धूर वेगवेगळा दाखवतात. तुलना करा, पण वजाबाकी नको.

धागाकर्ती

मनापासून आभार. अटींसकट तीन आकडे, हे एकदम पटलं. कार्यक्षमतेचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

आता एकच गोष्ट उरते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. या चक्क्यांची वीज किनाऱ्यावरच्या जाळ्याला जोडलेलीच नाही, केबल प्लॅटफॉर्मपर्यंतच आहे. तेलक्षेत्र बंद झालं की वीज घ्यायला कुणी नाही. नवी केबल टाकायची तर १४० किलोमीटर; एवढ्या लांब एसी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाच्या) केबलची बरीचशी क्षमता तिच्या स्वतःच्या चार्जिंग करंटमध्येच, म्हणजे केबलच सतत भारित करत राहणाऱ्या प्रवाहात जाते, आणि डीसीसाठी (एकाच दिशेच्या प्रवाहासाठी) दोन्ही टोकांना एसी-डीसी बदल करणारी कन्व्हर्टर केंद्रं लागतात. ८८ मेगावॅटसाठी एवढा खर्च कोण करेल? की चक्क्या ओढून दुसरीकडे नेता येतात? त्या तरंगत्या आहेत, ओढूनच तिथे नेल्या होत्या, म्हणून विचारते. समुद्राखालच्या केबलवर किंवा नांगरणीवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.