मदत हवी आहे: टूलचा 'फिअर इनॉक्युलम' ऐकायचा तरी कसा?

इथे टूल या अमेरिकन रॉक बँडचे जुने श्रोते बरेच आहेत, म्हणून विचारतोय. त्यांचा 'फिअर इनॉक्युलम' हा अल्बम आला 30 ऑगस्ट 2019 ला, पण ज्यांचं कॉलेज त्यांच्या 'लॅटरॅलस' या जुन्या अल्बमवर गेलं त्यांच्यासाठी तो अजून नवाच. आधीचा '10,000 डेज' 2006 चा. मधली तेरा वर्षं वाट बघितली आणि जे हाती आलं ते मला भिडत नाही. वाजवणाऱ्या चौघांबद्दल आदर तसूभर कमी झालेला नाही. पण अल्बम संपतो आणि मनात काही उरत नाही. कुणाला सांगितलं की एकच उत्तर मिळतं, "अजून ऐक, उलगडेल." कितीही ऐकलं तरी उलगडत नसेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

लांबीची तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. सहा मोठी गाणी आहेत, एकही दहा मिनिटांच्या आत नाही आणि शेवटचं 'टेम्पेस्ट' तर पावणेसोळा मिनिटांच्या आसपास. घरात ख्याल ऐकत वाढलोय. विलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभर चालतं, त्यामुळे दहा मिनिटांची भीती वाटत नाही. पण ख्यालात बढत असते. गवय्या एकेका सुराला जागा देत वर सरकतो, तार षड्जाला पोचतो तेव्हा ते पोचणं ऐकणाऱ्यालाही कमावल्यासारखं वाटतं. इथे 'कलिंग व्हॉइसेस' घ्या. गिटार हळूहळू सुरू होते, आवाज येतो, बराच वेळ काही घडेल असं वाटत राहतं आणि मग शेवटाकडे एकदम जोर. हा जोर मागच्या सहा-सात मिनिटांतून उगवला असं मला वाटत नाही. बाहेरून आणून ठेवल्यासारखा वाटतो.

दुसरं, गायक मेनार्डचा आवाज. 'लॅटरॅलस'मधल्या 'द ग्रज'च्या शेवटाकडची ती जवळपास पंचवीस सेकंदांची किंकाळी ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. या अल्बममध्ये तो जपून, संथ गातो. वयाचा प्रश्न आहे हे मान्य, 1964 चा जन्म आहे त्याचा. पण हे लोक आधी वाद्यांचा भाग पूर्ण बांधतात आणि मेनार्ड शेवटी त्यावर शब्द-चाल बसवतो. या वेळी तो सांधा मला दिसतो. गाणं आवाजाशिवायही तसंच उभं राहिलं असतं, असं बऱ्याच ठिकाणी वाटतं.

आणि तो सातचा आकडा! बँडने स्वतःच सांगितलं होतं की सात मात्रांची रिफं (गिटारचे छोटे, परत परत वाजणारे तुकडे) पुन्हापुन्हा येत गेली. 'इन्व्हिन्सिबल' मी सात मात्रांचा रूपक ताल धरून ऐकलं. मोजता येतं, पण मोजता आलं म्हणजे गाणं चांगलं झालं असं थोडंच आहे? 'लॅटरॅलस'मधल्या 'स्किझम'मध्ये पाच आणि सात मिळून बारा होतात. हातावर एकताल धरायला गेलं की दर वेळी घसरायला होतं, आणि त्या घसरण्यातच सगळी गंमत होती. ती ओढ इथे का नाही?

तर प्रश्न असा: सुरुवात कुठून करू? कोणत्या गाण्यात नेमकं काय ऐकू? "लेजंड आहेत ते" सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर एकांगी असेल. हा टूलचा ड्रमर डॅनी केरीचा अल्बम आहे असं समजून ऐका. गिटार आणि आवाज मागे जाऊ द्या. ड्रमस्टिक बनवणाऱ्या व्हिक फर्थच्या चॅनलवर त्याचा याच अल्बममधल्या 'न्यूमा'चा लाइव्ह व्हिडिओ आहे, पूर्ण गाणंभर कॅमेरा त्याच्यावरच. तो एकदा बघा. मधल्या भागात तो इलेक्ट्रॉनिक पॅडवर जे वाजवतो त्यातला तबल्याचा संस्कार तुम्हाला लगेच ओळखू येईल. तो तबला शिकलाय, त्याचे गुरू अलोक दत्त टूलच्याच 'पुशिट'च्या लाइव्ह ध्वनिमुद्रणात वाजवतात ('सॅलिव्हल', 2000). तुम्ही बढत गळ्यात शोधताय, या अल्बममध्ये ती चामड्यावर आणि पॅडवर आहे. मेनार्ड इथे ठेका धरून बसलाय म्हणा हवं तर, नेहमीच्या वाटपाच्या उलट.

प्रतिसाद

वरच्यांशी अर्धा सहमत. पण मूळ लेखकाला जे खटकलंय ते ऐकण्याच्या पद्धतीने जाणारं नाही. 'कलिंग व्हॉइसेस' खरंच विस्कळीत आहे. आणि डिजिटल आवृत्तीत मधे पेरलेले तीन छोटे तुकडे वगळूनच ऐका. सीडीवर ते नाहीतच, तिथे सातच ट्रॅक आहेत. 'डिसेंडिंग'पासून सुरुवात करा आणि हेडफोनपेक्षा स्पीकरवर लावा. जस्टिन चान्सलरचा बास खोलीत फिरला पाहिजे.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. व्हिडिओ बघितला. मधल्या पॅडच्या भागात त्याचा उजवा हात एक बोल धरून राहतो आणि बाकीचं शरीर त्याभोवती जागा बदलत राहतं, हे नुसतं ऐकून मला कधीच कळलं नसतं. तिथून पुन्हा जोरकस रिफवर तो येतो तेव्हा समेवर आल्याचा तोच आनंद झाला. 'न्यूमा'पुरती तक्रार मागे घेतो.

'डिसेंडिंग' स्पीकरवर लावलं. शेवटचा लांबलचक गिटारचा भाग आधीही आवडत होता. आता तिथवर जाणारा रस्ताही पटतो, कारण गिटारवादक ॲडम जोन्स घाई न करता तेच दोन-तीन सूर वळवत राहतो आणि खालून बास हळूहळू जड होत जातो. ही बढतच आहे.

आवाजाबद्दल मात्र समाधान झालेलं नाही. मेनार्ड ठेका धरून बसलाय हे ऐकायला छान वाटतं, पण ठेका धरणाऱ्यानेही गाणं पुढे ढकलावं लागतं. शीर्षकगीतात तो तसं करत नाही असं माझं मत कायम आहे. सुरुवातीचा तबल्यासारखा नाद आणि त्यावर चढत जाणारी गिटार जी हवा तयार करते, ती तो आल्यावर पुढे सरकतच नाही. आणि 'टेम्पेस्ट'ला ग्रॅमी मिळालं खरं, पण त्यातली एकलवादनं मला अजून एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. कुणी गिटारवादक असेल तर त्या गाण्यातला ॲडमचा एखादा भाग मिनिट-सेकंदासह सांगाल का? आज रात्री तेवढाच लावून बसतो.