लहान आतड्याची दुर्बीण: कॅप्सूल की बलून? कोल्हापूरकरांचे अनुभव

वरून-खालून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन उतरतंच आहे. अशा पेशंटचं लहान आतडं तुम्ही कशानं बघता, गिळायच्या कॅमेरा-कॅप्सूलनं की बलून लावलेल्या लांब दुर्बिणीनं (बलून एंटेरोस्कोपी)? कोल्हापुरात हे काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

एंडोस्कोपी सिस्टर, राजारामपुरी
कॅप्सूलचं यश तयारीत आहे. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर आतड्यावर काळा थर दिसतो. ‘पातळच घ्या’ एवढंच सांगितलं तर आपल्याकडं पांढरा रस्साही पातळच! म्हणून नाव घेऊन सांगायचं: रस्सा नाही, ताक नाही, दूध नाही, शहाळं, साखरपाणी चालेल. रात्री दोन लिटर पेग (पोट साफ करायचं औषधी पाणी). कॅप्सूल गिळल्यावर २ तासांनी पाणी, ४ तासांनी हलकं खाणं. मधुमेहींची कॅप्सूल जठरातच रेंगाळते, तेवढ्यात बॅटरी संपते. तासाभरानं, कॅप्सूलची चित्रं टिपणाऱ्या रेकॉर्डरच्या स्क्रीनवर बघा. अजून जठरातच असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय नाही.

गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट
जेवल्यावर कळ, पोटात गुडगुड, उलटी असेल तर कॅप्सूल देण्याची घाई नको. ती साधारण २६ बाय ११ मिलिमीटरची. टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) किंवा वेदनाशामकांमुळं अरुंद झालेल्या जागी अडकते. आधी सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा सीटी स्कॅन) किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल. दोन आठवड्यांनीही आतच असेल तर अडकली समजायचं.

बलून एंटेरोस्कोपी करणारा
कॅप्सूल दाखवते, पण तपासणीसाठी तुकडा घेत नाही, रक्त थांबवत नाही. तिथं बलून लागतो. डबल बलूनमध्ये २०० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर बाहेरची नळी असते. दुर्बीण पुढं, तिचा बलून फुगवा. नळीच्या बलूनमधली हवा सोडून नळी पुढं, मग तो फुगवा. मग दोन्ही हळू मागं ओढा. चुडीदाराच्या चुण्यांसारखं आतडं नळीवर गोळा होतं. सिंगलमध्ये पुढचा बलून नाही, दुर्बिणीचं टोक वाकवून पकड धरायची. जुळणी सोपी, पण सगळं आतडं गाठणं अवघड. डबलचे बलून लॅटेक्सचे, ॲलर्जी विचारा. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच वापरा, पोट फुगत नाही आणि खोलवर जाता येतं. जिथवर पोचलात तिथं शाईची खूण करा, म्हणजे उलट बाजूनं (तोंडाऐवजी गुदद्वारातून) येताना कळतं. मोटरवाली स्पायरल (मळसूत्री नळीची दुर्बीण) २०२३ मध्ये बाजारातून मागं घेतली गेली.

पॅथॉलॉजी लॅब
टीबीचा संशय असेल तर तुकडे दोन बाटल्यांत हवेत. हिस्टोसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) फॉर्मालिन, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) निर्जंतुक सलाइन. सगळे फॉर्मालिनमध्ये टाकले तर जंतू मरतात, कल्चर होत नाही, आणि पेशंटची आख्खी तपासणी पुन्हा करावी लागते.