बी.एड.च्या छात्राध्यापकांसाठी लिंगभाव कार्यशाळा: दिवसभर काय घेऊ?

खडूफळा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजात शिकवते. दुसऱ्या वर्षाचे छात्राध्यापक दिवाळीनंतर आंतरवासितेला शाळांवर जातील. त्याआधीची लिंगभाव संवेदनशीलतेची एक दिवसाची कार्यशाळा माझ्या गळ्यात पडली आहे. या विषयाचा पेपर त्यांचा झालाय, व्याख्या तोंडपाठ आहेत. पण सराव पाठाला उभे राहिले की पुन्हा तेच, "मुलींनो, तुम्ही तरी शहाण्यासारखं वागा!" मागच्या वर्षी एक वकीलबाई बोलावल्या होत्या. दीपप्रज्वलन, सत्कार, व्याख्यान, आभार. मागच्या बाकांवर टाचणं (पाठाची लेखी तयारी) लिहिणं चालू होतं. यंदा तसं नको. साधारण पन्नास जण आहेत, मुली जास्त. बजेट म्हणजे चहा-बिस्किटं.

टाचणवही
व्याख्यान ठेवूच नका. सकाळी दोघा-तिघांना पंधरा मिनिटांचे पाठ घ्यायला सांगा, पण विषय आधी फोडू नका. बाकीच्यांतल्या काहींच्या हातात वर्गाचा बैठक नकाशा द्या. पाठ घेणाऱ्याने कुणाला प्रश्न विचारला की त्या चौकोनात रेघ. उत्तर चुकल्यावर पुन्हा संधी दिली तर गोल. "शाबास" म्हटलं तर टिंब. पाठ संपला की नकाशे भिंतीवर लावायचे आणि आपण तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे रेघा बऱ्यापैकी वाटल्या गेल्या होत्या, गोल मात्र जवळपास सगळे मुलग्यांच्या बाजूला. मुलगी अडखळली की "बस खाली" आणि मुलगा अडखळला की "विचार कर, येईल तुला". पाठ घेणारी मुलगीच होती. ती नकाशासमोर बराच वेळ उभी राहिली, मग मुलंच बोलायला लागली.

दुपारी त्यांचीच जुनी टाचणं काढायला लावा. गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत दुकानदार कोण, शेत कुणाचं, भाजी कोण आणतं, ते लाल पेनाने खुणा करून बघू दे. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतात अशी चित्रं दिली होती. आपली टाचणं त्याच्याही मागे आहेत हे त्यांच्या त्यांना दिसतं.

माणदेशी_गुरुजी
टाचणवही, +१. पण खरी गंमत वर्गाबाहेर असते. पाहुणे आले की औक्षण, स्वागतगीत आणि चहा मुलींकडे, बाक उचलणं मुलग्यांकडे. मी शाळेत झाडलोटीच्या पाळ्या लावल्या तर एक पालक दारात हजर. "आमच्या पोराच्या हातात खराटा?" वाद घालत बसलो नाही. पाळ्या हजेरी क्रमांकाने आहेत, तुमच्या पोराचा नंबर आला, एवढंच सांगितलं. यात एक मेख आहे. बऱ्याच हजेरीपटांत आधी सगळे मुलगे आणि मग मुली, म्हणजे क्रमांकाने गेलात तर आधी नुसते मुलगे झाडणार, नंतर नुसत्या मुली. एक नाव वरून, एक खालून घ्या. तुमच्या पोरांना हे असले पालक तयार करून दाखवा, भूमिकानाट्य म्हणून झकास होतं.

स्पष्टवक्ती
एका दिवसात काय दिवे लागणार? फोटो, अहवाल, फाईल बंद. हे निकष पाठ निरीक्षणाच्या कागदावर घाला. तिथे गुण असतील तरच कुणी मनावर घेईल.

खडूफळा
स्पष्टवक्ती, प्राचार्यांशी बोलते. निदान माझ्या मेथडच्या (मी शिकवते त्या अध्यापन पद्धतीच्या) निरीक्षणात तरी एक रकाना वाढवेन.

अनघा_कोथरूड
दोन गोष्टी राहताहेत. पहिली, मुलगे. शाळेत मार जास्त त्यांनाच बसतो, वर "पोरीसारखा रडतोस काय" हे आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार कुणालाच मारता येत नाही, हेही पुष्कळ छात्राध्यापकांच्या गावी नसतं. एखाद्या मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून वर्ग हसतो तेव्हा शिक्षकाने काय करायचं, यावर अर्धा तास द्याच. पुरुषांसोबत या विषयावर काम करणारी मुंबईची 'मावा' संस्था 1993 पासून आहे, कॉलेजच्या मुलांशी कसं बोलायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

दुसरी, पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. उद्या एखादी सहावीतली मुलगी नव्या ताईंनाच काहीतरी सांगेल, कारण त्या वयाने जवळच्या वाटतात. "कुणाला सांगणार नाही ना?" असं ती विचारते तेव्हा हो म्हणायचं नाही. कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, छात्राध्यापकालाही. खोदून चौकशी करायची नाही, कुटुंबाला समोर बसवून मिटवामिटवी तर नाहीच. पोलीस किंवा 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीवर कोण आहे ते विचारून ठेवायला सांगा. 2022 च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत हवी. नुसत्या बोर्डावर आहे की भेटतेही, ते लगेच कळतं.

मुंबईकर_मास्तर
2008 च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीसाठी 'जेम्स' नावाचा लिंगभाव समानतेचा उपक्रम झाला होता. आयसीआरडब्ल्यू (स्त्रियांविषयी संशोधन करणारी संस्था), कोरो (मुंबईची सामाजिक संस्था) आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) यांनी मिळून केलेला. खेळ, गटचर्चा, भूमिकानाट्य असंच सगळं. त्यातले खेळ बी.एड.वाल्यांकडून आधी स्वतःवर करून घ्या, मग शाळेत. फक्त 'मुलगे असे, मुली तशा' याद्या फळ्यावर करायच्या खेळात जपून. नीट हाताळलं नाही तर यादीच पक्की होते.

खडूफळा
सगळ्यांचे आभार! सकाळी नकाशे, मग टाचणं, दुपारी अनघाताईंचा पॉक्सोचा भाग, शेवटी गुरुजींचे पालक. टाचणवही, पाठ घेणाऱ्याला नंतर सगळ्यांसमोर कानकोंडं होत नाही का?

टाचणवही
होतं. म्हणून नकाशावर नाव लिहायचं नाही, नुसता पाठ क्रमांक. आणि पहिला पाठ तुम्हीच घ्या.